धोरणातला ‘बाह्य प्रायोजित प्रकल्प’ नेमका कोणता? महाविद्यालय, कंपनी आणि करारातील एक कलम

घणसोलीकर (प्रश्न)

नमस्कार. नवी मुंबईतील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात मी रसायन अभियांत्रिकी शिकवते. महापे येथील रंगद्रव्ये तयार करणाऱ्या एका कंपनीबरोबर आमचा संशोधन प्रकल्प ठरत आला आहे. भाताच्या तुसापासून तयार केलेला आणि सांडपाण्यातील रंग शोषून घेणारा एक पदार्थ मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी गेली काही वर्षे विकसित करत आहोत. कंपनीला तो आपल्या कारखान्यातील सांडपाण्यावर तपासून, गरजेप्रमाणे बदलून हवा आहे. त्यासाठी कंपनी दीड वर्षात ८ लाख रुपये तीन हप्त्यांत देणार आहे, सांडपाण्याचे नमुने पुरवणार आहे आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणातील रंगाची तीव्रता मोजणारे उपकरण) प्रकल्पापुरता वापरायला देणार आहे. या पदार्थाचे सुरुवातीचे काम मुंबई विद्यापीठाच्या लघु संशोधन अनुदानातून आणि नंतरचे महाविद्यालयाच्या सीड मनीतून (संशोधन सुरू करण्यासाठीच्या अंतर्गत निधीतून) झाले. त्यावरचा शोधनिबंध अद्याप कोठेही पाठवलेला नाही.

आमच्या बौद्धिक संपदा धोरणात असे कलम आहे की, संस्थेची साधनसामग्री वापरून झालेल्या संशोधनाची मालकी संस्थेची राहील, मात्र ‘बाह्य प्रायोजित प्रकल्पां’च्या बाबतीत संबंधित करारातील तरतुदी लागू होतील. बाह्य प्रायोजित कशाला म्हणायचे, हे धोरणात कोठेही सांगितलेले नाही. कंपनीच्या मसुद्यात मात्र ‘प्रकल्पातून निर्माण होणारी किंवा प्रकल्पाशी संबंधित असलेली सर्व बौद्धिक संपदा’ कंपनीची राहील, असे स्पष्ट लिहिले आहे. लेखा विभाग विचारतो की ही रक्कम सल्लासेवेची धरायची की प्रायोजित संशोधनाची. आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) म्हणते, काहीही करा पण प्रायोजित संशोधनात दाखवा. हा प्रकल्प बाह्य प्रायोजित आहे का, आणि तसा असेल तर आधीचे कामही कंपनीच्या मालकीत जाते का, एवढे कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

वाशी_सेक्टर_१७

पैसा संस्थेबाहेरून आला की प्रकल्प बाह्य प्रायोजित झाला. यात फार खोलात जाण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

कक्षाधिकारी_निवृत्त

वरील व्याख्या लक्षात ठेवायला सोपी आहे, पण ती लावली तर माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेतले प्रत्येक काम बाह्य प्रायोजित ठरेल, आणि ते त्या देणगीदारालाही अभिप्रेत नसते. मी एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात बरीच वर्षे अशा करारांच्या फाइली हाताळल्या आहेत. पैसा कोठून आला, यापेक्षा त्या पैशाच्या बदल्यात कोणी कोणाला काय कबूल केले, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. पैसे देणारी व्यक्ती किंवा संस्था कायद्याने आपल्या संस्थेपासून स्वतंत्र आहे; ठरावीक काम, ठरावीक मुदत आणि ठरावीक अंदाजपत्रक लेखी मान्य झाले आहे; त्या लेखावर प्राध्यापकाची वैयक्तिक सही नसून संस्थेच्या वतीने अधिकार असलेल्याची सही आहे; आणि अहवाल देण्याचे, हिशेब देण्याचे किंवा उरलेली रक्कम परत करण्याचे बंधन संस्थेने स्वीकारले आहे, एवढ्या गोष्टी जमून आल्या की तो प्रकल्प बाह्य प्रायोजित मानावा. देणगीत यांतले पहिले असते, बाकीचे बहुधा नसते.

या कसोटीवर आपली तिन्ही कामे वेगवेगळी ठरतात. सीड मनी महाविद्यालयाची किंवा ते चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेची असते, म्हणून ती अंतर्गतच. (एखाद्या विश्वस्ताच्या खासगी कंपनीने पैसे दिले तर ते मात्र बाह्य, आणि तेथे हितसंबंधांची लेखी नोंद करून घ्यावी, ती बहुतेक ठिकाणी होत नाही.) विद्यापीठाचे लघु संशोधन अनुदान हा काठावरचा प्रकार आहे. संलग्नतेमुळे विद्यापीठ आपले वाटते, परंतु ते कायद्याने वेगळे आहे, मंजुरीपत्र देते, उपयोगिता प्रमाणपत्र मागते; त्यामुळे मी ते बाह्य प्रायोजितच धरतो. त्या मंजुरीपत्राच्या मागच्या पानावरील अटी आपण पुन्हा काढून वाचाव्यात, कारण मालकीविषयी किंवा निधीच्या श्रेयनिर्देशाविषयी काही अट असेल तर ती आजही आपल्यावर आहे आणि कंपनीबरोबरच्या नव्या कराराने ती पुसली जात नाही. कंपनीचा प्रस्तावित प्रकल्प अर्थातच बाह्य प्रायोजित आहे, पण तो करारावर सह्या होतील त्या दिवसापासून आणि करारात लिहिलेल्या कामापुरता.

आता मूळ दुखणे. अशा धोरणांत ‘बाह्य प्रायोजित’ या एका कप्प्यात दोन अगदी उलट वागणारे प्रकार कोंबलेले असतात. केंद्र सरकारच्या निधीवरील संशोधनाच्या बाबतीत विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्च २००० मध्ये दिलेल्या सूचनांचा कल असा आहे की, बौद्धिक संपदेची मालकी काम करणाऱ्या संस्थेकडे राहावी आणि शासनाला ती विनामोबदला वापरण्याचा परवाना असावा. उद्योगाच्या निधीत नेमके उलटे घडते, मसुदा कंपनीचा वकील करतो आणि मालकी कंपनीकडे ओढतो. धोरण मात्र दोन्हींना ‘कराराप्रमाणे’ म्हणून मोकळे होते. ज्या संस्थांनी हे नीट केले आहे, त्यांनी शासकीय अनुदान, उद्योगाचा प्रायोजित प्रकल्प, सल्लासेवा आणि नुसते नमुना-परीक्षण यांसाठी वेगवेगळी कलमे ठेवली आहेत, आणि ‘करारात काही न लिहिल्यास मालकी संस्थेची’ असे वाक्य प्रत्येक ठिकाणी घातले आहे. आपल्या धोरणात हे शेवटचे वाक्य नसेल तर ते घालून घेण्यासाठी विद्वत्सभेची वाट पाहू नये, करारातच घालावे. धोरणांच्या नकला एकमेकांवरून उतरवल्या जातात, त्याची एक खूण सांगतो. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा २०२३ चा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि एसईआरबी (संशोधनाला निधी देणारे केंद्राचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्या प्रतिष्ठानात विलीन झाले, तरी अनेक धोरणांच्या व्याख्यांत प्रायोजक म्हणून अजून एसईआरबीचेच नाव आढळते.

आधीचे काम कंपनीकडे जाते का? आपोआप जात नाही. भारतीय पेटंट कायद्यात कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधाची मालकी मालकाची, असे सांगणारे कलमच नाही. सारे काही नेमणुकीच्या अटी, संस्थेचे धोरण आणि लेखी करार यांवर ठरते. त्याच कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे पेटंटातील हक्काचे हस्तांतरण लेखी असल्याशिवाय वैध होत नाही. परंतु मसुद्यातील ‘प्रकल्पाशी संबंधित असलेली’ हे शब्द पाहा. तुसापासून केलेला आपला पदार्थ प्रकल्पाशी संबंधित आहेच, म्हणजे जे आपोआप जात नव्हते ते या शब्दांनी लेखी होऊन जाते. ते शब्द काढून ‘प्रकल्पाच्या कालावधीत, परिशिष्ट अ मधील कामातून निर्माण झालेली’ एवढेच ठेवावे, आणि आधीपासून असलेल्या बौद्धिक संपदेची, म्हणजे सगळे जिला बॅकग्राउंड आयपी म्हणतात तिची, यादी वेगळ्या परिशिष्टात द्यावी. हे परिशिष्ट कोरे सोडण्याची पद्धत फार आहे. वर ‘परिशिष्ट ब’ असे शीर्षक आणि खाली ‘लागू नाही’. आणि दोन वर्षांनी त्याच कोऱ्या पानावरून भांडण. आपल्या पानावर पदार्थ तयार करण्याची पद्धत, प्रयोगवहीची पाने आणि तारखा, विद्यापीठाच्या अनुदानाचा मंजुरी क्रमांक, एवढे तरी उतरवावे.

उपकरण आणि नमुने यांविषयीही एक सावधगिरी हवी. काही धोरणांत ‘पैसा, उपकरणे, साहित्य किंवा माहिती यांपैकी कोणत्याही स्वरूपातील बाह्य साहाय्य’ अशी ऐसपैस व्याख्या असते. ती वाचायला भारदस्त वाटते, पण तिच्यामुळे एखाद्या कारखान्याने फुकट दिलेल्या पाण्याच्या बाटलीवरूनही विद्यार्थ्याचा प्रकल्प बाह्य प्रायोजित ठरवता येतो. वापरायला दिलेल्या उपकरणाची नोंद परताव्याच्या तारखेसह करावी आणि त्याच्या वापरामुळे मालकीचा हक्क निर्माण होत नाही, असे एक वाक्य लिहावे.

जमाखर्च_नौपाडा

मालकीविषयी वर सविस्तर आले आहे, मी फक्त लेखा विभागाच्या प्रश्नाला उत्तर देतो. ठाण्यात काही शिक्षणसंस्थांचे लेखापरीक्षण पाहत असल्यामुळे हा वाद मला दर वर्षी मार्चमध्ये भेटतो.

सल्लासेवा की प्रायोजित संशोधन, हे शीर्षकावरून ठरत नाही. अमुक नमुन्यांवर चाचण्या करून अमुक तारखेला अहवाल द्या, अहवाल आमचा, असे असेल तर ती सेवा आहे आणि तिच्यावर सामान्यतः १८ टक्के जीएसटी येतो. संशोधनासाठीच्या अनुदानाला सूट आहे खरी. सप्टेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर १० ऑक्टोबर २०२४ पासून ती लागू झाली, आणि तीत शासकीयच नव्हे तर खासगी अनुदानेही येतात. मात्र ती सूट शासकीय घटकांना आणि प्राप्तिकर कायद्याखाली संशोधनासाठी अधिसूचित झालेल्या विद्यापीठ, महाविद्यालय वा संस्थांना आहे. आपले महाविद्यालय तसे अधिसूचित आहे का, हे प्रथम विचारावे. नसेल तर करारावर ‘संशोधन अनुदान’ असे ठळक अक्षरांत छापूनही उपयोग नाही.

‘फक्त ८ लाखच आहेत, सेवांची नोंदणीमर्यादा २० लाख आहे’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. तो बरोबर नाही. एकदा करपात्र सेवा दिली की उलाढाल मोजताना करमुक्त उत्पन्नही, म्हणजे विद्यार्थ्यांचे शुल्कसुद्धा, धरावे लागते, आणि एकाच पॅनवर चालणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या सगळ्या शाळा-महाविद्यालयांचे मिळून धरावे लागते. म्हणून करारात ‘रकमेवर लागू असल्यास जीएसटी कंपनी वेगळा देईल’ हे वाक्य नसेल तर तो कर आठ लाखांतूनच जाईल आणि आपल्या रसायनांच्या खरेदीला कात्री लागेल.

आयक्यूएसीचा आग्रह मी समजू शकतो, पण एनआयआरएफ (उच्च शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) प्रायोजित संशोधन आणि सल्लासेवा यांची माहिती वेगवेगळी मागते. जीएसटीचे बीजक सल्लासेवेचे आणि एनआयआरएफच्या तक्त्यात तीच रक्कम प्रायोजित संशोधनात, असे एकाच संस्थेच्या दोन कागदांवर दिसले तर लेखापरीक्षक ते विचारणारच.

शासकीय अनुदान असते तर सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू झाले असते, म्हणजे नमुना १२-अ मधील उपयोगिता प्रमाणपत्र आणि अनुदानावर मिळालेले व्याज शासनाच्या संचित निधीत भरणे. खासगी कंपनीच्या पैशाला हे नियम नाहीत. उरलेल्या रकमेचे आणि व्याजाचे काय, हे करारातच लिहावे लागते. महाविद्यालयाचा ओव्हरहेड, म्हणजे प्रशासकीय खर्चाचा वाटा, किती टक्के आणि तो आठ लाखांच्या आत की वर, हेही आताच लिहून घ्यावे. कंपनीची मूळ कंपनी परदेशी असेल आणि पैसा तेथून थेट येणार असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परकीय निधीच्या नियमनाच्या कायद्याचा, प्रश्न उभा राहतो. व्यवसायाच्या ओघात दिलेल्या सेवेचे शुल्क त्यातून वगळलेले आहे, देणगी मात्र वगळलेली नाही. स्टँप पेपर ५०० रुपयांचा लागेल. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा चालत नाही, आणि तरी १०० चा कागद घेऊन येणारे अजून भेटतात.

टीटीसी_आरअँडडी

मी रबाळे येथील एका रासायनिक कंपनीत संशोधन विभागात आहे, आपल्या कंपनीशी माझा संबंध नाही. दुसऱ्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

मॅडम, ‘संबंधित सर्व बौद्धिक संपदा’ हे कलम बहुतेक वेळा कोणी विचार करून घातलेले नसते. आमच्याकडेही यंत्रदुरुस्तीपासून संशोधनापर्यंत सगळ्यांना तोच छापील मसुदा जातो. त्यामुळे आपण दुरुस्ती सुचवली म्हणजे प्रकल्प हातचा जाईल, अशी भीती बाळगू नये. कंपनीला खरे म्हणजे दोन गोष्टींची खात्री हवी असते. हा पदार्थ आपल्या कारखान्यात निर्वेध वापरता यावा, आणि शेजारच्या प्लॉटवरील स्पर्धकाला तो लगेच मिळू नये. या दोन्हींसाठी मालकीची गरज नाही. मालकी महाविद्यालयाची आणि रंगद्रव्य उद्योगापुरता, काही वर्षांसाठीचा अनन्य परवाना कंपनीचा, अशी वाटणी आम्ही स्वीकारलेली आहे.

संयुक्त मालकी हा मधला मार्ग म्हणून पुढे येईल, तो पटकन मान्य करू नका. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दोन्ही सहमालक ते पेटंट स्वतःसाठी, दुसऱ्याला हिशेब न देता, वापरू शकतात, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाहीत. कारखाना आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. म्हणजे आम्ही वापरणार आणि तुम्ही फक्त प्रमाणपत्र भिंतीवर लावणार. शिवाय शैक्षणिक संस्थेला पेटंट शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, ती मोठी कंपनी सहअर्जदार असल्यास मिळत नाही.

कंपनीने हा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात) दाखवण्याची गोष्ट काढली तर तेथेच थांबवा. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि स्वतःच्या सांडपाण्यावरचा उपाय स्वतःच्या मालकीने घ्यायचा आणि त्याला सामाजिक दायित्व म्हणायचे, हे आमच्या कंपनी सचिवांना तरी पटले नसते.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र आमची काळजी खरी असते. शोधनिबंधाच्या तक्त्यात प्रक्रियेआधीच्या सांडपाण्याचा सीओडी (प्रदूषण मोजण्याचे एक माप, रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि रंगाची तीव्रता कारखान्याच्या नावासह छापली गेली, तर तो कागद प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे कोणीही ठेवू शकतो, मग प्रक्रियेनंतरचे पाणी कितीही नियमात असो. कारखान्याचे नाव आणि ठिकाण न छापण्याचे आश्वासन दिलेत तर बाकीच्या प्रसिद्धीला कंपनी फारशी अडवणार नाही.

घणसोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिशिष्ट ब खरोखरच कोरे आहे, हे आज उघडून पाहिले. जीएसटीविषयीही मसुद्यात अक्षर नाही. महाविद्यालय अधिसूचित आहे का, हे कुलसचिवांना लेखी विचारले आहे.

दोन शंका उरतात. करार आणि आमचे धोरण यांत विरोध आला तर कोणते वरचढ ठरेल? आणि माझी विद्यार्थिनी महाविद्यालयाची कर्मचारी नाही. तिचा प्रबंध पुढील वर्षी सादर व्हायचा आहे, आणि मसुद्यात मात्र ‘कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात प्रसिद्धी करता येणार नाही’ असे आहे.

कक्षाधिकारी_निवृत्त

धोरण हा संस्थेचा आतला दस्तऐवज आहे. कंपनीने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे करारात त्याचा उल्लेख करून तो जोडला नसेल तर कंपनीवर तो बंधनकारक नाही. संस्थेवर मात्र दोन्ही बंधनकारक आहेत, आणि कोंडी होते ती तेथे. म्हणून वर्चस्वाचे कलम करारातच असावे आणि ते दोन भागांत लिहावे. प्रकल्पातून निघालेल्या फलिताची मालकी आणि वापर यांबाबत करार वरचढ, तर संशोधकांचा लाभातील वाटा, त्यांची नावे आणि आधीची बौद्धिक संपदा यांबाबत संस्थेचे धोरण कायम. मालकी कोणाचीही झाली तरी पेटंटावर शोधकर्ता म्हणून नाव नोंदवून घेण्याचा मार्ग कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे, पण करारात ते स्पष्ट असलेले बरे.

विद्यार्थिनीचा प्रश्न मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती कर्मचारी नसल्यामुळे नेमणुकीच्या अटी तिला लागू नाहीत. प्रवेशाच्या वेळी तिने धोरण मान्य असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले असेल तर तेवढेच बंधन. तिच्या हक्कांचे हस्तांतरण महाविद्यालय परस्पर करू शकत नाही. कंपनीला तिचे काम हवे असेल तर तिच्याशी वेगळा लेख करावा लागेल, आणि तो तिला घरी नेऊन, कोणाला तरी दाखवून, सावकाश वाचायला मिळावा. मार्गदर्शक समोर बसलेले असताना विद्यार्थी ‘नाही’ म्हणत नाहीत, हे आपण जाणताच.

प्रबंधाच्या बाबतीत सरसकट पूर्वपरवानगीची अट स्वीकारू नये. पीएचडीचा प्रबंध शेवटी शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर सर्वांसाठी खुला होतो, तोंडी परीक्षाही उघड असते. कंपनीने परवानगी अडवली तर पदवीच अडेल. त्याऐवजी अशी तरतूद सुचवावी की, प्रसिद्धीपूर्वी मजकूर कंपनीकडे ४५ दिवस पाहण्यासाठी जाईल, कंपनी स्वतःची गोपनीय माहिती वगळण्यास सांगू शकेल, पेटंट अर्जासाठी आणखी ९० दिवसांपर्यंत मुदत मागू शकेल, आणि मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. प्रबंध सादर करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत रोखता येणार नाही.

आपल्या मूळ पदार्थाविषयी काहीही प्रसिद्ध झालेले नाही, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. कंपनीचा पहिला नमुना प्रयोगशाळेत येण्याआधी महाविद्यालयाच्या नावाने तात्पुरत्या विनिर्देशासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक वर्णनासह, पेटंट अर्ज करून ठेवावा. विद्यापीठाच्या मंजुरीपत्रात काही अडचण नाही, हे मात्र त्याआधी पाहावे. पूर्ण विनिर्देश देण्यास कायद्याने १२ महिने मिळतात. त्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख परिशिष्ट ब मध्ये पहिल्या ओळीवर लिहा, विद्यार्थिनीचे नाव शोधकर्त्यांत घाला, आणि त्यानंतरच मसुदा स्टँप पेपरवर चढवायला द्या.